अमावस्येची लिस्ट

आमच्या हॉस्पिटलात ऑपरेशनची लिस्ट मी लिहिते. ऑपरेशन थिएटरची, म्हणजे ओटीची, मी इनचार्ज सिस्टर. उद्या कोणाचं ऑपरेशन, कितव्या नंबरावर, कुठल्या डॉक्टरांचं, हे रोज दुपारी पांढऱ्या बोर्डावर माझ्या हाताने लिहिलं जातं आणि मग त्याचा फोटो ग्रुपवर जातो. अक्षर माझं चांगलं आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे सांगायचंय त्यातली लाजेची गोष्ट हीच, की ते सगळं माझ्या चांगल्या अक्षरात झालं.

हॉस्पिटल अंधेरी पूर्वेला, मरोळच्या बाजूला. धर्मादाय आहे, एवढं पुरे. नाव सांगून मला आता कोणाशी भांडायचं नाही. भांडायचं होतं तेव्हा समोरासमोर भांडून झालंय. ओटी दोन, पण एकीत फक्त डोळ्यांची ऑपरेशनं होतात. म्हणजे बाकी सगळ्या पोटांना, हाडांना आणि गाठींना मिळून टेबल एकच. वेळ सकाळी आठ ते दुपारी चार. चारच्या आत संपणार नाही अशी केस भूल देणाऱ्या मॅडम घेत नाहीत, आणि त्यांचं बरोबरच आहे, कारण चारनंतर इमर्जन्सीपुरतीच माणसं असतात.

हे आठ तास बोर्डावरचे. प्रत्यक्षात पहिली सुरी लागायची साडेनऊला. आमचे मोठे सर, म्हणजे स्त्रीरोगतज्ज्ञ, बाहेरून येणारे मानद डॉक्टर. आधी स्वतःच्या नर्सिंग होममधली ऑपरेशनं उरकायची आणि मग आमच्याकडे, हा त्यांचा शिरस्ता. सर उशिरा येणार हे माहीत असल्यामुळे मॅडम सव्वानऊला यायच्या. मॅडम सव्वानऊला येतात म्हणून वॉर्डातून पेशंट नऊनंतर निघायचा. आणि एखाद दिवशी सर चुकून लवकर आलेच, तर पेशंट तयार नाही म्हणून ते चहा मागवायचे. कोणाला विचारलं तर प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवायचा, आणि गंमत म्हणजे प्रत्येकाचं खरं असायचं.

नंबर लावायची पण आमची एक पद्धत होती. ज्येष्ठ डॉक्टरांची केस पहिली. मग त्यांच्यापेक्षा धाकट्यांची. मध्येच ऑफिसातून फोन यायचा, "सिस्टर, एक आपला पेशंट आहे, जरा बसवा." आपला म्हणजे कोणाच्या तरी ओळखीचा. तो बसवायचा म्हणजे कोणीतरी खाली सरकायचं. शेवटच्या नंबरावर राहायचा तो, ज्याच्यासाठी कोणी फोन करणारं नाही. रात्रीपासून उपाशी, हिरवा गाऊन घालून, सलाइन लावून तो बसलेला असायचा आणि चार वाजता मी वॉर्डात जाऊन सांगायची, "आज नाही होणार." वर चहा-बिस्किट द्यायची. तोंडाला पानं पुसायची आमची ही रीत होती, आणि ती मी फार गोड आवाजात पाळत होते.

माहुलच्या मावशींना मी असं तीन वेळा सांगितलं.

मावशी कोळीण. मरोळच्या बाजारात सुकी मासळी विकायला यायच्या आणि तिथेच एकदा बसल्या जागी लुगडं भिजून चक्कर आली, म्हणून बायकांनी रिक्षात घालून आमच्याकडे आणलं. गर्भाशयात मोठी गाठ. पाळी आली की दहा-दहा दिवस रक्त थांबायचं नाही. पिशवी काढायला हवी होती, त्यात दुमत नव्हतं. पण अंगात रक्तच नाही तर भूल कशी द्यायची? मॅडमची अट होती, हिमोग्लोबिन दहा तरी पाहिजे. म्हणून मावशींना रक्ताच्या बाटल्या चढवल्या, आकडा दहावर आला, तारीख मिळाली. त्या दिवशी आधीची केस लांबली. चार वाजले. "आज नाही होणार."

पुढची तारीख दोन आठवड्यांनी. तोवर पाळी आली, रक्त गेलं, आकडा सातावर. परत बाटल्या. परत दहा. परत तारीख, परत शेवटचा नंबर. त्या दिवशी ऑफिसचा एक आपला पेशंट मध्ये बसला. चार वाजले. तिसऱ्या वेळी सर अकराला आले. त्यांच्या नर्सिंग होममध्ये काहीतरी अवघड झालं होतं, त्यांचाही इलाज नव्हता. चार वाजायचे ते वाजलेच.

तिसऱ्यांदा मी चहा पुढे केला तेव्हा मावशींनी कप घेतला नाही. चिडल्या नाहीत, रडल्या नाहीत. हिशोब सांगावा तसं म्हणाल्या, "बाय, तुमी मना कोनाचं तरी रगत देता. मंग घरी धाडता. ते सगलं वाहून जातं. मंग परत दुसऱ्या कोनाचं देता. माज्या अंगात आता माजं काय ऱ्हायलंच नाय. मी नाय येत आता."

त्या उठून गाऊन सोडायला लागल्या. नोकरीला लागल्यापासून लोकांनी मला शिव्या दिल्यात, एकाने स्टीलचा ट्रे फेकून मारला होता. त्याचं मला काही वाटलं नव्हतं. पण ही बाई खरं बोलली होती आणि ते खरं माझ्या अक्षरात बोर्डावर लिहिलेलं होतं. मला माझीच इतकी लाज वाटली की ती लपवायला मी रागावले. म्हटलं, "मावशी, बसा. गाऊन सोडू नका. मी आले."

सर ओटीबाहेर बूट घालत होते. मी तारीख मागितली. त्यांनी फोनमध्ये बघितलं आणि तीन आठवड्यांनंतरची दिली. मी म्हटलं, सर, तोवर परत सात होईल, आज दहा आहे, याच आठवड्यात टेबल द्या. ते म्हणाले, "सिस्टर, टेबल कुठून आणू? आडातच नाही."

ओटीच्या भिंतीवर एक मराठी कॅलेंडर लटकलेलं असतं, प्रत्येक घरात असतं तसलंच. मी त्याच्यापुढे उभी राहिले. परवाच्या चौकटीत काळा गोल होता. अमावस्या. त्या दिवसाची लिस्ट कोरी होती, कारण ती कायमच कोरी असायची.

इथे मला थोडं थांबून सांगावं लागेल, नाहीतर बाहेरच्या माणसाला पटायचं नाही. अमावस्येला ओटी बंद असा नियम आमच्याकडे कुठेच लिहिलेला नव्हता. रजिस्टरमध्ये त्या तारखेपुढे नेहमी 'साफसफाई' असं लिहिलेलं असायचं. दर महिन्याला ओटीत धुरी देऊन जंतू मारायचे असतात, ते काम अमावस्येला. जंतूसुद्धा आमच्याकडे तिथी बघून मरत होते. डॉक्टरांना विचारलं तर म्हणायचे, आम्ही कुठे मानतो, पेशंट तयार होत नाहीत. पेशंटला विचारलं तर म्हणायचा, आम्हाला वाटलं डॉक्टरच करत नसतील. आणि ही दोन्ही उत्तरं एकमेकांसमोर ठेवायचं काम इतक्या वर्षांत कोणी केलं नव्हतं. मी पण नाही.

माझं तर तोंडच नव्हतं सबब सांगायला. आम्ही बौद्ध. बाबा सोलापूरकडून आलेले, त्यांनी घरातलं पंचांग कधीच रद्दीत घातलं होतं. घाटकोपरच्या चाळीतून आम्ही बिल्डिंगमध्ये राहायला गेलो ते अमावस्येला. बाबांनी मुद्दाम तोच दिवस धरला. शेजाऱ्यांनी कपाळाला हात लावला तेव्हा बाबा म्हणाले, "आज टेम्पोवाला मोकळा, हमाल मोकळा, लिफ्टपण मोकळी. अजून काय पाहिजे?" त्या बाबांची मी मुलगी, आणि महिन्यातला एक अख्खा दिवस माझ्या ओटीत कुलूप लागत होतं. सवयीने माणूस आंधळा होतो तो असा.

मी सरांना म्हटलं, "परवा."

सरांनी कॅलेंडरकडे बघितलं, मग माझ्याकडे. "परवा कोण तयार होणार आहे?"

"विचारते ना."

मी वॉर्डात गेले. आधी मावशींकडे. म्हटलं, परवा अमावस्या आहे, चालेल का? त्या माझ्याकडे अशा बघायला लागल्या की मीच वेडी. "अवसेला काय होतं? आमचा धंदाच अवस-पुनवेचा. उधानाच्या पान्याला ओढ असते, तवाच डोलीच्या जाल्यात मासली भरते. त्या दिशी घरी बसलो तर खावाचं काय?"

मग मी खाटेखाटेशी गेले. हर्नियावाल्या रिक्षावाल्या काकांनी विचारलं, "झाल्यावर गाडी कधी चालवायला मिळेल?" अमावस्येबद्दल ते काही बोललेच नाहीत. एका आजींनी देवाचं नाव घेऊन नाही म्हटलं. मी म्हटलं, ठीक, तुम्ही सोमवारी. जिचं नाही तिचं नाही, जबरदस्ती मला करायचीच नव्हती. एका मुलीच्या आईने नवऱ्याला फोन लावला, नवऱ्याने त्याच्या आईला, आणि शेवटी ती सासूच म्हणाली, पोरीचं दुखणं काय पंचांग बघून आलंय का. तास-दीड तासात माझ्या कागदावर पाच नावं होती. पाच माणसं, जी कधीही हो म्हणाली असती. कोणी विचारलंच नव्हतं.

खरी वाट लागली ती ऑफिसात. तिथल्या क्लार्कने माझा कागद वाचला, चष्मा काढला आणि म्हणाला, "सिस्टर, तुमच्यात मानत नाहीत, माहीत आहे आम्हाला. पण इथे सगळ्या प्रकारचे लोक येतात."

तुमच्यात. हा शब्द मी लहानपणापासून ओळखते. तो नेहमी असाच हळू आवाजात, काळजी घेतल्यासारखा येतो. मी त्याच्यापेक्षा मोठ्या आवाजात म्हटलं, "हो, आमच्यात नाही मानत. आणि सगळ्या प्रकारच्या लोकांना विचारूनच आलेय. खाली सह्या आहेत त्यांच्या."

"काही झालं तर?"

"मंगळवारी काही झालं तर काय करता?"

त्याने मला लेखी द्यायला सांगितलं. मी लिहून दिलं की अमावस्येला लिस्ट ठेवण्याची सूचना माझी आहे आणि धुरीचं काम रविवारी हलवण्यात यावं. खाली सही ठोकली. चांगल्या अक्षरात.

ओटीत आमचे एक जुने अटेंडंट आहेत, सगळे त्यांना मामा म्हणतात. मालवणकडचे, बाप गिरणीत होता, स्वतः बोरिवलीहून येतात. त्यांना कळलं तेव्हा ते माझ्याजवळ येऊन खालच्या आवाजात म्हणाले, "सिस्टरबाय, माझा ऐका. काय झाला तर लोक तुमकाच धरतले. अवसेक कोण विचारूचो नाय." मामांच्या बोलण्यात विष नव्हतं, भीती होती, आणि ती माझ्यासाठी होती. म्हणून जास्त लागलं. कारण ते बरोबर होते. त्या दिवशी साधी सलाइनची सुई निसटली असती तरी खापर माझ्या डोक्यावर फुटणार होतं. रात्री मला झोप लागली, खोटं कशाला बोलू, पण सकाळी मेट्रोत मी ती पाच नावं मनात परत परत मोजत होते.

पावणेआठला पोचले तर मामांनी ओटीच्या दाराबाहेर नारळ फोडलेला होता. त्यांचा नारळ, त्यांचं समाधान. जमीन पुसून घ्या म्हटलं, चिकट झालीय.

आठला पाच कमी असताना सर आले. मी घड्याळ बघितलं, तेही ओशाळं हसले. अमावस्या असल्यामुळे त्यांच्या नर्सिंग होममध्ये एकही ऑपरेशन नव्हतं. मॅडम त्यांच्या मागोमाग. ऑफिसचा फोन वाजला नाही, कारण ओळखीच्या कुठल्याही पेशंटला त्या दिवशी टेबल नको होतं. माहुलच्या मावशी पहिल्या नंबरावर होत्या. आठ वाजून दहा मिनिटांनी त्यांना भूल चढत होती आणि त्या छताकडे बघून म्हणाल्या, "आज होनार ना गं?" मी हो म्हटलं. माझ्या नोकरीत मी इतकं ठाम हो आधी कधी म्हटलं नव्हतं.

गाठ मोठी होती, आतडं जुन्या ऑपरेशनमुळे चिकटलेलं होतं. एका टप्प्याला रक्त भराभर यायला लागलं. मामा दाराशी उभे होते, मास्कआडून त्यांच्या ओठांची हालचाल दिसत होती. मी परत त्यांच्याकडे बघितलंच नाही. सरांचा हात पुढे आला की त्यात पाहिजे ते ठेवायचं, एवढंच. दहा मिनिटांनी रक्त आटोक्यात आलं. पिशवी बाहेर आली. सर म्हणाले, चला, बंद करू.

पोट बंद करायच्या आधी आम्ही मॉप मोजतो. मॉप म्हणजे रक्त टिपायच्या कापडी घड्या. जितक्या आत गेल्या तितक्या बाहेर यायला हव्यात. मी मोजल्या. एक कमी. परत मोजल्या. एक कमीच.

सर म्हणाले, "आत नाहीये. मी नीट बघितलंय. पुढच्या चार केस आहेत सिस्टर, वेळ जातोय."

वेळेचं मला सांगत होते. मला, जी दोन दिवस वेळेसाठी सगळ्यांशी भांडली होती. क्षणभर माझाही जीव घड्याळात अडकला, हे कबूल करते. आणि तेव्हाच मला लख्ख कळलं की वेळ वाचवायचा म्हणजे चहाचा वाचवायचा, ओळखीच्यांचा वाचवायचा. पोट उघडं असलेल्या बाईचा नाही. मी म्हटलं, "सर, मॉप मिळाल्याशिवाय मी सुई देणार नाही."

मॅडम म्हणाल्या, "पेशंट स्टेबल आहे. शोधा तुम्ही." सरांनी परत आत हात घातला, कोपरान् कोपरा बघितला. मी ट्रॉलीवरचं एकेक कापड उलटून बघत होते आणि मामा जमिनीवर बसून बादल्या उलट्या करत होते. वीस मिनिटांनी मामांना सापडला. दोन मॉप रक्ताने एकमेकांना चिकटून एकच झाले होते, बादलीच्या तळाशी.

"वीस मिनिटं," सर म्हणाले.

"गेली," मी म्हटलं. "जाऊ देत." आणि त्यांच्या हातात सुई दिली.

त्या दिवशी पाचही केस झाल्या. एक पेशंट टेबलावर असतानाच दुसरा बाहेर आणून बसवला, रिपोर्ट आदल्या दिवशीच बघून ठेवले होते, टेबल पुसायला मी स्वतः हात लावला. यात अक्कल लावण्यासारखं काही नाही, कुठलीही गृहिणी चार शेगड्यांवर हेच करते. शेवटचा टाका पडला तेव्हा चारला पंधरा मिनिटं कमी होती. ऑफिसातून कोणी काही विचारायला आलं नाही. नाचता येईना अंगण वाकडं म्हणणाऱ्यांना अंगण सरळ निघालं की बोलायचं काय, हा प्रश्न पडतो.

तेव्हापासून अमावस्येची लिस्ट भरलेली असते. मी मिरवत होते, का नाही मिरवायचं? दुसऱ्या हॉस्पिटलच्या सिस्टरना फोन करून सांगत होते.

मग काही महिन्यांनी मावशी आल्या. गालांवर रंग आलेला, चालताना दम लागत नव्हता. बरोबर त्यांची धाकटी जाऊ होती, तिच्या पिशवीत छोटी गाठ निघाली होती, दुर्बिणीतून काढण्यासारखी. मावशींनी तिला माझ्यापुढे उभं केलं आणि म्हणाल्या, "बाय, हिला अवसेलाच घे हां. त्या दिशी तुमी काम करता. बाकीच्या दिशी नुसतं उपाशी ठेवता."

ती बाई माझं कौतुक करत होती. मनापासून. आणि माझा सगळा तोरा तिथल्या तिथे उतरला. महिन्यातला एक दिवस जिंकून मी इतके महिने मिरवत होते, आणि बाकीच्या दिवशी चार वाजता वॉर्डात चहा घेऊन जाणारी बाई तीच होती.

मी म्हटलं, "नाही मावशी. हिला गुरुवारी घेते."

"गुरवारी होल?"

"होणार."

दुपारी मी बोर्ड पुसला. गुरुवार. पहिला नंबर, वेळ आठ, जावेचं नाव. मोठ्या सरांची एक खास केस होती, ती तिसरी. फोटो टाकल्यावर पाच मिनिटांत सरांचा मेसेज आला, पहिला नंबर कोणी बदलला? मी उत्तर दिलं, सगळ्यांच्या देखत, ग्रुपवरच: "मी. यापुढे नंबर पेशंटच्या तब्येतीवर लागेल. आठनंतर जे येतील त्यांची केस शेवटी जाईल." खाली अंगठा कोणी दाखवला नाही. ऑफिसचा फोन आला, आपला एक पेशंट होता. मी म्हटलं, बसवते की, पाचवा नंबर. मला समज देणारं पत्र मिळालं ते अजून कपाटात आहे.

गुरुवारी आठला पाच कमी असताना सर आले. चेहरा फुगलेला, पण आले.

चार वाजता मी वॉर्डात गेले. हात रिकामे होते. सकाळीच टेबलावरून आलेली जाऊ उशीला टेकून बसली होती, आणि मावशी तिच्यासाठी बशीत चहा ओतून फुंकत होत्या.